अम्मींच्या हजच्या पैशांवरचे व्याज

मत्रह, दि. ११ जानेवारी २०२६

प्रति,
मा. धनंजय साळवी,
ग्राहक तक्रार अधिकारी, भारतीय कक्ष,
अल् रहवान शेअर दलाली कंपनी, मस्कत.

विषय : खात्यात पडून असलेल्या रोख रकमेवर व्याज न देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

आपण चिपळूणचे असून मराठी वाचता, असे काउंटरवरील प्रियांका मॅडमनी सांगितले, म्हणून हा अर्ज मराठीत. अर्जदार मुस्तफा परकार हा मूळचा दाभोळचा, मत्रहच्या बाजारात अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, कापडदुकानात विक्रीला असतो.

१. आई खुदेजाबी यांना हजला पाठवण्यासाठी अर्जदार व त्याची पत्नी सबीहा यांनी पोटाला चिमटा काढून शेअर घेतले. व्याज आमच्या धर्मात हराम, म्हणून त्याचा धंदा करणारी एकही कंपनी त्यांत घेतली नाही. टूरवाल्याने पैसे मागताच सगळे विकले. परंतु पासपोर्टावरचे व बँकेतले नाव एका अक्षराने जुळेना, म्हणून रक्कम आपल्याकडेच अडकली आणि महिनाअखेरीस तिच्यात व्याज येऊन पडले.

२. प्रियांका मॅडमनी समजावले की, पडून असलेली रोख कंपनी बँकेत ठेवते, बँक व्याज देते, आणि त्यातला आपला हिस्सा काढून उरलेले कंपनी ग्राहकाला देते. अर्जदार म्हणाला, "मला नको." त्या म्हणाल्या, "काका, लोक इथे जास्त व्याजासाठी भांडतात! बंद होईल, पण मग ते सगळं कंपनीकडेच राहील." त्या दिवशी अर्जदाराला जेवण गेले नाही. पैसा आपला, व्याज खाणारा दुसरा, मग आपण सुटलो की अडकलो? मौलाना म्हणाले, "बंद करा. आलेलं मोजून गरिबाला द्या, सवाबची, पुण्याची आशा न धरता."

३. पण मोजायचे कसे? आपल्या पत्रकात लाभांश व व्याज 'इतर जमा' या एकाच ओळीत येतात. रोख उरूच नये म्हणून अर्जदाराने पुन्हा शेअर घेतले. ते घसरले. घाबरून विकले. पुन्हा रोख, पुन्हा व्याज. हल्ली गिऱ्हाइकासमोर कापड मोजताना त्याचे लक्ष फोनकडे असते. परवा एका बाईला मीटरभर कमीच फाडून दिले.

४. दुसऱ्या अर्जानंतर कंपनीने पैसे वळते करण्यात उशीर केल्याची चूक मान्य केली व विलंबाची भरपाई जमा केली. चौकशीअंती तीही व्याजाच्याच दराने काढलेली निघाली.

५. शुक्रवारी अम्मींनी फोनवर विचारले, "बाबा, त्या पैशांत व्याज नाय ना?" अर्जदाराने सगळे खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "माझं नाव काढ. अल्लाच्या घरी असे पैसे घेऊन कशी जाऊ?" त्यांच्या गुडघ्यांची अवस्था पाहता पुढल्या वर्षाचा भरवसा नाही.

तरी विनंती की, व्याज किती ते वेगळे लिहून द्यावे, ते यापुढे बंद करावे आणि मूळ रक्कम अर्जदाराच्या बँकेत वळती करावी. अर्जदाराने अम्मींचे नाव अद्याप काढलेले नाही. अम्मींना हे ठाऊक नाही. टूरवाला महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. त्यापुढचे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
मुस्तफा परकार

सोबत : पासपोर्टची प्रत, नावातील दुरुस्तीचे बँकेचे पत्र.