नहपानाच्या तोंडावरचा घाव

मी, मार्तंड काशीराम आरोलकर, वय ६४, धंदा ठसे कोरण्याचा, राहणार घाटकोपर, आज डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाविना हे लिहून ठेवतो. एकदा ते ठिकाणावर नव्हते, म्हणून हा कागद.

१. १९३४ साली या घराचा पाया खणताना मला व धाकटा भाऊ सहदेव यास मडके सापडले. आत चांदीची एक्केचाळीस नाणी. सरकारात कळवले नाही, हा दोघांचाही गुन्हा. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. एकाच नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी. म्हणजे बाजारात किती तऱ्हेची माणसे असतील! सातवाहन राजाने त्याला हरवले आणि त्याच्याच तोंडावर आपला डोंगराचा ठसा ठोकला. नाणी मात्र वितळवली नाहीत. व्यापारी ती चांदी ओळखत होते, म्हणून असेल. ठशाखाली नहपानाचे नाक अजून दिसते.

२. १९४६ च्या लक्ष्मीपूजनाला मी चाळीस नाणी पूजेच्या ताटात ठेवली. एक कामाच्या मेजावर राहिले. पाडव्याला सहदेवाने ताटातली सगळी सोनाराकडे नेऊन त्याची मुलगी प्रेमा हिच्या लग्नासाठी तोडे घडवले. म्हणाला, "दादा, ताटातली चांदी घरची. मेलेल्या राजाचा एवढा काय कौतुक तुका?" मी ठसे मारायचा हातोडा त्याच्या तोंडावर घातला. गालाचे हाड फुटले, डावा डोळा गेला. एकत्र घरात ताटातली चांदी सगळ्यांची असते, हे त्याचे म्हणणे मला आज पटते. तेव्हा पटले नाही.

३. डोळ्यावर पट्टी असतानाच मी त्याच्याकडून घराच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. पोलिसांत गेलास तर मडक्याचे सांगेन, असा दम दिला. त्याने डॉक्टरला जिन्यावरून पडल्याचे सांगितले. अकरा वर्षे तो वरच्या खोलीत माझ्या मेहेरबानीवर राहतो आहे. ते पत्र खोटे समजावे. अर्धे घर सहदेवाचे होते व आहे.

४. पोस्टातली शिल्लक व उरलेले अर्धे घर पत्नी रुक्मिणी हिचे. तिने मागून धरले नसते, तर चौथा घावही बसला असता. आजवर घरात सगळ्यांना मी एकच घाव घातल्याचे सांगत आलो.

५. उरलेले नाणे मडक्याची खरी हकीकत सांगून सरकारी वस्तुसंग्रहालयात द्यावे.

६. हातोडा सहदेवाचा. तिरडी उचलण्याआधी माझे तोंड उघडे ठेवावे व त्याला जवळ येऊ द्यावे. तीन घाव त्याचे आहेत. त्याला कोणी मागून धरू नये.

सही: मार्तंड काशीराम आरोलकर
साक्षीदार: १. डॉ. विद्याधर रेगे २. अनंत धाकू परब
आम्हा दोघांदेखत त्यांनी सही केली. हात कापत नव्हता.
घाटकोपर, १४ ऑक्टोबर १९५७