व्हायोलिन धाकटीला, पण मी जिवंत असताना

मी, खाली सही करणारी, पेशाने व्हायोलिनवादक, इस्पितळात गंभीर पेशंटच्या उशाशी बसून आयुष्यभर वाजवत आलेली आणि सध्या तिथल्याच एका खाटेवर पडून असलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने करत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांच्या डोक्याबद्दल मला कोणी विचारलं नाही.

कलम १. दोन खोल्यांचं घर भाच्याला. स्वयंपाकघराच्या दाराची कुरकुर त्याने घालवू नये, ती सुरात आहे. शेजारणीला माझ्यामागे शांतता मिळेल, तोच तिचा वाटा.

कलम २. बँकेतली शिल्लक या वॉर्डातल्या ढकलगाड्यांच्या चाकांना तेल घालण्यासाठी. मी घाम गाळून एखाद्याला झोपवावं आणि गाडी दारावरून किंचाळत गेली की सगळं मुसळ केरात.

कलम ३. ताल मोजायचं यंत्र डॉक्टरांना. ते फाइलवर पेन आपटतात, तेही चुकीच्या लयीत. माझ्या वादनाचे दुष्परिणाम काय, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. पेशंट त्यांची वाट बघायचं सोडतात, एवढाच.

कलम ४. व्हायोलिन धाकट्या बहिणीला. ती माझ्याबरोबर याच वॉर्डात वाजवायची. आमची रीत अशी की आधी पेशंटच्या उशाशी हृदयाचे ठोके मोजत टिकटिकणाऱ्या यंत्राच्या सुराला वाद्य लावायचं, म्हणजे ते साथीला बसतं. मग पेशंटच्या श्वासाच्या लयीने वाजवत लय हळूहळू उतरवायची, श्वासही मागोमाग उतरतो. ओळखीचं गाणं मात्र वाजवायचं नाही, ते अख्खा संसार घेऊन खोलीत शिरतं.

धाकटीने एका म्हाताऱ्या बसचालकाला त्याचं आवडतं गाणं विचारलं आणि वाजवलं. तो ताडकन उठून बसला, गळा मोकळा सोडून गायला, सलाईन उपटलं आणि घरी जायला पँट मागू लागला. मी सगळ्यांदेखत तिच्या हातून व्हायोलिनचा गज काढून घेतला.

"ताई, त्याला झोपायचं नव्हतं, घरी जायचं होतं," एवढं बोलून ती गेली. तेव्हापासून अबोला आहे. माझंच बरोबर होतं, याची कायदेशीर नोंद व्हावी.

परवा मला धाप लागली. यंत्र बेसूर टिकटिकत होतं आणि उशाशी कोणी नव्हतं. मी घाबरले. मरायला नाही, एकटीने मरायला. म्हणून अट अशी, की धाकटीने मी जिवंत असतानाच येऊन उशाशी वाजवावं.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं."

"मग माझ्या काय कामाचं?" मी म्हटलं.

त्यांनी डोक्याला हात लावला आणि बाहेर जाऊन तिला फोन केला.

साक्षीदार पहिल्या: वॉर्डच्या मोठ्या नर्सबाई. सही केली आहे.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, हे वकिलांनी तिला बजावलं. "नकोच आहे. माझं मी आणलंय," म्हणाली आणि सही ठोकली. मग यंत्राला सूर जुळवला आणि मला काही न विचारता माझं लहानपणापासूनचं आवडतं गाणं सुरू केलं. रीत मोडली ती मोडलीच.

मी उठून बसले आहे. कलम ४ खोडावं, व्हायोलिन मला लागणार आहे.

ठिकाण: खिडकीकडची खाट. तारीख वकिलांनी घालावी, माझे हात गुंतले आहेत.

सही: (अंगठ्यावर भागवलं आहे)