इनेदीच्या बोलण्याने माझा जबडा सडला नाही

मी, सिलास गेबोया, वय सहासष्ट, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार दिवारी गाव, मिल्न बे प्रांत, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे बोलणे आता कोणाला कळत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. घरातले सगळे लिहू नका म्हणत होते. चर्चच्या कपाटात माझे जे जुने मृत्युपत्र आहे ते रद्द समजावे.

एक. जमीन माझी नाही, माझ्या आईच्या कुळाची आहे. ती रीतीप्रमाणे बहिणीचा मुलगा बाराबी याच्याकडे जाईल. होडी आणि तिचे इंजिनही त्यालाच द्यावे.

दोन. बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी एल्सा हिचे. पाच वर्षे तिने मला रताळे कुस्करून चमच्याने भरवले आणि जखमेच्या वासाने एकदाही तोंड फिरवले नाही.

तीन. माझा तासणीचा वाकस आणि पटाशा एल्साचा भाऊ तोमासी याला मिळू नयेत. त्याने स्वतःच्या हाताने इनेदीच्या घराला आग लावली. मात्र दोष त्याचा एकट्याचा नाही, ते पुढे लिहितो.

चार. माझ्या आजाराबद्दल.

चाळीस वर्षे सुपारी-चुना चघळून २०१२ साली मला तोंडाचा कर्करोग झाला. दूरच्या ले शहरात किरणांचे उपचार झाले आणि मी वाचलो. निघताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद दिला आणि तोंडीही बजावले, "मास्तर, किरणांनी जबड्याचं हाड अर्धमेलं झालंय. आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही. जखम भरणार नाही."

२०१९ साली दाढ ठणकू लागली. जवळच्या अलोटाऊ शहरातल्या दातांच्या डॉक्टरने विचारले, "कधी किरणांचे उपचार घेतलेत का?" हो म्हटले असते तर पुन्हा ले गाठावे लागले असते. मी नाही म्हणालो. दाढ निघाली. खड्डा भरलाच नाही. त्यात जंतू शिरले, हनुवटीखाली भोक पडून पू वाहू लागला, आणि उकडलेला टारोचा कंद चावताना एके दिवशी हाड मोडले.

त्याच वर्षी माझ्या डुकरांनी शेजारच्या इनेदीचा सुरणाचा मळा उकरला होता. मी भरपाई नाकारली, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मास्तर, तुझ्या तोंडात किडे पडतील."

गावाला तेवढे पुरले. करणी केली म्हणाले. भर दुपारी, ती आणि तिचा नवरा मळ्यात असताना, तोमासी माझ्या पडवीत आला. "पेट्रोल कुठंय, भावोजी?" असे त्याने विचारले. तेव्हा मला बोलता येत होते. मी बोट दाखवले. इनेदीचे घर आणि तिने भाजायला रचलेली मडकी, सगळे जळून गेले. डॉक्टरीणबाईंचा कागद त्या वेळी माझ्या उशाखाली होता. तो वाचून दाखवला असता तर गाव थांबले असते. पण मग दोष माझ्यावर आला असता.

दोघे अलोटाऊ शहराच्या कडेला मुलीकडे गेले. नवरा तिथेच वारला. परक्या मातीत पुरावा लागला.

पाच. माझे घर इनेदीला द्यायचे मी ठरवले होते. गेल्या महिन्यात बाराबी मला होडीने तिच्याकडे घेऊन गेला. मी वहीत सगळे खरे लिहिले, त्याने वाचून दाखवले. ती मडके थापत होती. हात थांबला नाही.

"पाच वर्षं होती ना रे तुला, मास्तर?" ती म्हणाली. "जीभ हलत होती तोवर गप्प बसलास. आता वही आणलीस."

मी लिहिले, 'अक्का, घर घे.'

"त्या घरात झोपू कशी? पडवीतून माझी राख दिसेल. आणि लोक म्हणतील, म्हातारीनं मरत्या माणसाला भुलवलं." मग तिने विचारले, "यावर साक्ष कोण देणार?"

बाराबी म्हणाला, "ज्याला काही मिळत नाही, असं कोणीही."

"मग मला काही देऊ नकोस. अंगठा मी लावते. करणी नव्हती, हे माझ्या समोर लिही."

म्हणून घर एल्साला. इनेदीला काहीही नाही.

सहा. माझी शवपेटी उचलण्याआधी चौथे कलम चर्चच्या अंगणात मोठ्याने वाचावे. तोमासीला पुढे उभे करावे. इनेदीच्या नवऱ्याच्या अस्थी तिच्या कुळाच्या जमिनीत आणाव्यात. हे काम बाराबीने पावसाळ्याआधी करावे.

आज इनेदी पाच वर्षांनी दिवारीत आली आहे आणि माझ्या समोर बसली आहे. परिचारिका लेआना हिने हे सगळे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरोबर लिहिलंयस. फक्त मी माफ केलं असं कुठं घालू नकोस. मी तसं म्हटलेलं नाही."

मी तसे लिहिलेले नाही.

दिवारी, ९ ऑगस्ट २०२४

(सही) सिलास गेबोया

आम्हा दोघींच्या देखत सही झाली:

१. इनेदी कलिगा, कुंभारीण. डाव्या अंगठ्याचा ठसा.
२. लेआना मोडुवा, परिचारिका. (सही)