ताजा क्रूस

कूसिकु, ४ मार्च

ति. हेल्दुरदादास,
वायकेचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी रेल्वेची आखणी आपल्या रानातून जाते, हे मला वर्तमानपत्रातून कळावं ना! टालिनहून रिगा पावणेदोन तासांत म्हणे. उभ्या देशात तेरा लाख डोकी, बसणार कोण त्या गाडीत? आपले सरपंच एंडेल स्टेशनच्या आशेने हुरळले होते. गाडी इथे थांबणारच नाही म्हटल्यावर तोंड पाडून बसलेत.

बाबांना कबरस्तानात नेताना रिवाजाप्रमाणे वाटेत थांबून तू ज्या पाइनवर क्रूस कोरलास, ती जानेवारीच्या वादळात पडली. क्रुसाचं झाड तोडायचं नाही, असा तुमच्या रेल्वेचा नियम. आता ते एकही उरलं नाही, म्हणजे तुम्हाला रान मोकळं. आईने जेवण टाकलंय. ती म्हणते, वाटेवर क्रूस नसला की मेलेलं माणूस घरी परत येतं. मी म्हटलं, येऊ दे, दादाच्या गाडीने येईल. तर माझ्याशी दोन दिवस अबोला.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी वायके

टालिन, २१ मार्च

चि. वायके हिस अनेक आशीर्वाद.

सोमवारी मोजणीला येऊन गेलो. घरी यायची हिंमत झाली नाही. कबरस्तानाच्या वाटेवरच्या मोठ्या पाइनवर क्रूस आहे, चीक अजून ओला. गावात तर वर्षभरात कोणी गेलेलं नाही. एंडेलना विचारलं, तर ते टोपी चोळत बसले. आडवी रेघ डावीकडे उतरलेली दिसली आणि मी ओळखलं. काळा पाव कापताना आईचा सुरा असाच उतरतो. जित्या माणसाचा क्रूस म्हणजे मरणाला आवतण! तू तिला आवरलं का नाहीस?

प्रवाशांचे आकडे फुगवायला मी मंत्र्यांना नकार दिला, त्यावरून अजून बोलणी खातोय. आता आईसाठी खोटं कसं लिहू? त्या क्रुसामागे मेलेलं कोणी नाही, तेव्हा तीस एप्रिलच्या अहवालात तो खोटाच धरावा लागेल. तिला सांगू नकोस.

तुझा दादा

कूसिकु, २६ एप्रिल

ति. दादास सा. न.

परवा आईला कबरस्तानात नेताना तू पाइनपाशी सुरा काढलास आणि तसाच खिशात ठेवलास. तेव्हाच सांगायचं होतं, ते आता लिहिते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. ती हसली. म्हणाली, बापावर गेलाय, त्याला म्हणावं खरं तेच लिही. मग अहवालाची तारीख पुन्हा विचारून घेतली. डॉक्टरांनी तिला फेब्रुवारीतच सगळं सांगितलं होतं, दादा. मला काल त्यांच्याकडून कळलं. मी मेली तिच्यावर जेवणावरून ओरडत होते!

आता काय लिहिणार आहेस? काहीही लिही, पण मला आधी कळव.
वायके

टालिन, ३० एप्रिल

चि. वायके,

अहवाल दिला. मंत्री खवळलेत, आखणी वळवायची म्हणजे आणखी दोन वर्षं. मला काढतील बहुधा. झाडाच्या रकान्यात लिहिलं ते जसंच्या तसं कळवतो: क्रूस एक. कोणाचा, माझी आई लेना ताम हिचा. कोणी कोरला, तिनेच. खरा.

दादा