दयाची धाप आणि रतनचा काढा

केडगाव, १६ जानेवारी १९७३

चि. आमोस यास मरियमअक्काचा सलाम. वि. वि.

रविवारी, १४ तारखेला, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी तुझी सून दया पत्र्याची ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. जॉर्जने तिला स्टँडवर उतरवलं आणि परतीची एस.टी. पकडली. आत्याला तोंड दाखवायची त्याची हिंमत झाली नाही. तुझ्या बायकोचं, रतनचं म्हणणं, मुलगी दमेकरी आहे, ते लपवून आमच्या गळ्यात मारली. वर्षभर तिच्या हातच्या भाकरी खाताना हे सुचलं नाही?

तीस वर्षं मी नर्स होते. तिला ढास लागते ती जेवल्यावरच, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. उद्या डॉक्टरांकडे नेते. तोवर गावात तिच्याबद्दल अवाक्षर काढू नका.

तुझी अक्का

नेवासा, २१ जानेवारी १९७३

ती. अक्कास सलाम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा बोलणी खाल्ली. आम्ही काही कसाई नाही. जेवण झालं की रतन तिला मिरी-सुंठीचा काढा पाजायची, पालथं निजवून पाठीला तेल चोळायची. सख्ख्या लेकीचं तरी एवढं कोण करतं? तरी धाप वाढतच गेली. जॉर्ज घरात कोणाशी बोलत नाही. माझंही पोट बरं नाही. जेवलो की सोडा घ्यावा लागतो, भजनात ढास लागते.

राग धरू नकोस.

आमोस

केडगाव, ३ फेब्रुवारी १९७३

चि. आमोस यास सलाम. वि. वि.

काढ्याचं वाचून कपाळावर हात मारला. डॉक्टर म्हणाले, दयाच्या पोटातलं आम्ल वर घशाशी येतं, त्याने श्वासनळी आवळते. भरल्या पोटी तिखट काढा, वर पालथं निजवणं! रतनने वर्षभर मायेने दुखणंच पोसलं. इथे ती दिवेलागणीला थोडं जेवते, तीन तास आडवी होत नाही. खाटेला उशाकडून विटा लावल्यात. पंधरा दिवसांत दोनदाच धाप लागली. काल टँकरवरून भरली घागर आणली, वाटेत कुठे टेकली नाही.

आणि सोडा पिऊन भजनात खोकणाऱ्या सासऱ्या, तुलाही तेच दुखणं, मग तुझी ट्रंक कोणी का नाही भरली? दोन विटा तूही मागव.

दया रोज पोस्टमनची वाट बघते, ते मला बघवत नाही. शनिवारी, १० तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत जॉर्जच्या हातचं उत्तर मला मिळालं पाहिजे: तो तिला न्यायला कधी येतो, आणि मुलगी दमेकरी म्हणून गावात सांगत फिरलेल्या रतनने कोणाकोणाच्या घरी जाऊन आपले शब्द मागे घेतले. पाकीट नको, पोस्टकार्डच पाठवा. वाटेत चार जणांनी वाचलं पाहिजे.

मरियम