झाकलेले आकडे

सोमवार, ४ मार्च

किळस आली. एकतीस पाट्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या — मीच लिहिलेल्या पाट्यांवर, माझ्याच हातांनी! संचालकसाहेबांचा हुकूम: "उत्क्रांतीच्या दालनातले वर्षांचे आकडे झाका. श्रद्धा दुखावतात." कुणाच्या? "आहे एक लेखी तक्रार," म्हणाले आणि चहा ढवळत बसले. मी निमूट कात्री मागितली. शी!

मंगळवार, ५

देवापुढे बसलो. नखांत गोंद. उठलो.

गुरुवार, ७

मला स्वतःला कधीच अडचण आली नाही. सकाळी प्रार्थना, दहापासून जीवाश्म. मग हात का थांबला नाही? नोकरी जाण्याची भीतीही नव्हती. मान डोलवायची नुसती सवय! आणि तो तक्रारखोर — देव इतका तकलादू वाटतो त्याला?

रविवार, १०

बाबा पहिल्यांदाच संग्रहालयात आले. सारा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेला, तोंडात सतत देवाचं नाव. घोड्यांच्या पायांच्या कपाटासमोर खिळलेच. सर्वात जुन्या पुढच्या पायाला चार बोटं, मग तीन, मग एकच — खूर.

"अरे, ही बघ!" खुराच्या वर, नळीला चिकटलेली दोन काडीसारखी हाडं दाखवत ओरडले. पहारेकरी दचकला. "नाल ठोकताना हाताला लागायची. चाळीस वर्षं देवाला विचारतोय, ही बिनकामाची कशाला ठेवलीस? बोटं होती होय ती!"

मग खुदकन हसले. "एवढं निवांत काम त्यालाच जमणार. आपण असतो तर गिऱ्हाईक पळालं असतं! किती वर्षं लागली रे?"

आकडा पट्टीखाली.

"हे पांढरं काय?"

"दुरुस्ती चाललीये," मी म्हणालो. साडेपाच कोटी, एवढंच तर सांगायचं होतं. बाबांशी खोटं बोललो! आरशात स्वतःवर थुंकावंसं वाटलं.

सोमवार, ११

हेडक्लार्ककडे हट्ट धरून तक्रारीची फाइल मागितली. "तुम्हाला कशाला हवी ती?" तो चमकलाच. आत एकच कागद. दीड वर्षापूर्वीचा. पाट्यांच्या कच्च्या मजकुराला जोडलेली टीप: 'वर्षांचे आकडे ठळक नसावेत. माझ्या वडिलांसारखी श्रद्धाळू माणसे दुखावतील.' खाली माझी सही.

बाबांना तेव्हा विचारलंही नव्हतं.