दोघींचा खर्च

वस्तीवरून,
ता. ११ ऑक्टोबर १९९८

चि. जयमाला,

आईचा जय भीम आन् पोटभर आशीर्वाद. आमी समदे बरे हाय. तू नीट जेवतीस का? हॉस्टेलातल्या आमटीला नावं ठेवू नको, वाढलेलं ताट मिळतंय ते काय कमी हाय?

अक्षर बघून हसू नको. साक्षरतेच्या वर्गात आलं तेवढंच येतंय मला. आजवर मी सांगायची आन् आपली धाकटी यशी लिवायची. ह्या खेपेला मीच बसले.

शेळीला दोन करडं झाली. तुज्या आण्णांचं विहिरीवरचं काम सरलं, आता सोनईला बांधकामावर जातेत. कंबर धरती त्यांची, पर एक खाडा न्हाई.

तुला पायजे तो दारिद्र्यरेषेचा दाखला सोबत घातलाय. हॉस्टेलच्या बाईंना आजच दे, म्हंजे जेवणाचे पैसे माफ व्हतील आन् तुजं डी.एड.चं शेवटचं वरीस पार पडंल. एवढंच लिवून पाकीट चिकटवणार हुते. हात धजंना.

दारिद्र्यरेषेच्या पहिल्या यादीत आपलं नाव का आलं न्हाई म्हून तू विचारलंतंस. सरकारची चूक म्हून कळवलं मी. खोटं हुतं ते. चूक माजी हुती.

जूनच्या शेवटाला आसाराम गुरुजी फॉर्म भरायला आले. म्हनले, गेल्या तीस दिसांत घरात काय काय खर्च झाला ते सांगा. तेल, मीठ, ज्वारी सांगून झालं. मग पोरींच्या शिक्षणाचं इचारलं, आन् मला काय चढलं कुनास ठाऊक! पेटीतल्या पावत्या काढून मांडल्या पुढ्यात. तुजं हॉस्टेल, तुजी पुस्तकं. यशीचा गणवेश, वह्या, गाईडं, गणिताची शिकवणी. शाळा फुकट म्हनतेत, पर फुकटात काय काय लागतं ते पोरी शिकवनाऱ्या आईबापालाच ठावं. गुरुजी म्हनले, "कलाबाई, एवढं समदं लिवू?" मी म्हनले, "लिवा की! चोरी केलीय व्हय आमी?" शेजारची साळूबाई दारात हुबी हुती, तिला ऐकू जावं म्हून जरा मोठ्यांदाच म्हनले.

साळूबाईची तिन्ही पोरं शेळ्यांमागं असत्यात. तिचं नाव यादीत आलं. आपलं न्हाई. एवढा खर्च करनारं घर गरीब कसं, म्हनं. आपण एक येळ भाकर खाऊन पोरी शिकवतो, तर ती न खाल्लेली भाकर फॉर्मात कुटंच लिवत न्हाईत बघ. मेल्यांनो, एकदा माज्या चुलीपुढं बसा म्हनावं.

आण्णा आन् मी कचेरीत हरकत घ्यायला गेलो. तिथला साहेब वाईट न्हवता. आकडेमोड करून म्हनला, दोघींतल्या एकीचा खर्च धरला न्हाई तर तुमी रेषेखाली बसता. पर शाळा सोडल्याचा कागद पायजे.

तुजं एकच वरीस ऱ्हायलं हुतं. यशीची आत्ता कुटं नववी.

आण्णांनी शाळेत सही केली न्हाई, भाईर जाऊन बसले. मी केली. वर्गात शिकलेली सही, जयमाला, पहिल्यांदा तिथंच कामाला आली. हेडमास्तर म्हनले, पोरगी हुशार हाय हो. मी म्हनले, व्हय.

यशी आता कांद्याच्या रोपात खुरपायला जाते. आधी रडली, मग भांडली. "ताईचं नाव का न्हाई काढलं?" म्हनली. मी एक थोबाडीत दिली. तवापास्नं माज्याशी बोलत न्हाई. तुला चार ओळी लिव म्हनले तर तोंड फिरवून गेली.

हे वाचून पेटी भरून घरी येऊ नको. आलीस तर दोघीबी गेल्या, मग मी कुनाच्या तोंडाकडं बघू? परीक्षा दे, पास हो. दिवाळीला येशील तवा तिला साडी-बिडी आनू नको. तिनं शिव्या घातल्या तर ऐकून घे. तिचं खरं हाय.

तुजी, आन् आता मानंल तर तिचीबी,
आई
कलाबाई